दोन दर्पण

प्रतापगड म्हटले की साताऱ्याकडचा किल्ला डोळ्यांसमोर येतो. दुसरा प्रतापगड गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. त्याच्या डोंगरावर महादेवाचे ठाणे आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते. खाली धानाच्या बांध्या, जवळच गोठणगाव आणि इटियाडोह धरण, पलीकडे नवेगावबांधचे जंगल. या झाडीपट्टीत घरांवर आणि झाडांवर पाच रंगांच्या पताका फडफडताना दिसतात: निळी, पांढरी, तांबडी, हिरवी, पिवळी. ही नोर्ग्येलिंग तिबेटी वसाहत.

ती वसली 1972 साली, म्हणजे महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत असताना. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी वेगळा झाला, पण तिबेटी लोकांच्या बोलण्यात आणि कागदपत्रांत ही वसाहत आजही ‘भंडारा’ म्हणूनच ओळखली जाते. बर्फाळ पठारावरून आलेल्या माणसांनी विदर्भाच्या उन्हात शेती केली, आणि हिवाळा आला की स्वेटरांचे गठ्ठे बांधून ती शहरोशहरी निघाली. नागपूरकरांना तिबेटी स्वेटरबाजार चांगलाच परिचयाचा आहे.

अशा वसाहतीतल्या एखाद्या शाळकरी मुलीने विचारले, की माझे पणजोबा तरुण होते तेव्हा आपल्या मुलखात काय चालले होते, लोक कशाविषयी बोलत होते, लोकरीला काय भाव होता, तर तिला उत्तर कुठे मिळेल? सातबाऱ्यापासून देवळाच्या वहीपर्यंत जे कागद आपल्याला गावातच सापडतात, ते तिचे लोक मागे टाकून आले. मठांतले ग्रंथ काहींनी पाठीवर आणले. ते ग्रंथ धर्माचे होते. रोजच्या जगण्याची नोंद पाठीवर घेऊन कोण येणार?

ती नोंद एका वृत्तपत्रात आहे. हे वृत्तपत्र तिबेटमध्ये निघत नव्हते, भारतात निघत होते. त्याचे बरेच अंक आज न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी मोफत खुले केले आहेत. त्या मुलीच्या हातात मोबाइल असेल, तर प्रतापगडच्या बांधावर बसूनही तिला ते पाहता येतील. त्या वृत्तपत्राचे नाव ‘मेलोंग’. तिबेटी भाषेत मेलोंग म्हणजे आरसा.

मराठी वाचकाला इथे थबकायला हवे. आपल्या पहिल्या वृत्तपत्राचे नावही आरसाच होते. 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी काढले ते ‘दर्पण’.

शिक्षक संपादक

‘मेलोंग’चे संपादक दोर्जे थार्चिन यांचा जन्म 1890 साली आजच्या हिमाचल प्रदेशातील किन्नौरमधल्या पू या गावी झाला. शिक्षण मोरावियन मिशनऱ्यांकडे झाले आणि ते ख्रिस्ती झाले. पुढे ते दार्जिलिंगजवळच्या कालिम्पोंग गावी आले. लोक त्यांना थार्चिन बाबू म्हणत. तिबेटी लोक त्यांच्या नावामागे ‘गेगेन’ लावत, म्हणजे गुरुजी. जांभेकरही पेशाने शिक्षकच होते. दोन्ही आरसे मास्तरांनी घडवले, आणि त्यामागे एकच ओढ होती: जे आपल्याला कळले ते आपल्या माणसांना त्यांच्या भाषेत कळावे.

कालिम्पोंगच का? त्या काळी तिबेटची लोकर याच गावी उतरत असे. खेचरांचे तांडे ल्हासा आणि ग्यांत्सेकडून चुंबी खोऱ्यातून येत आणि जेलेप ला खिंड ओलांडून कालिम्पोंगच्या गोदामांपाशी थांबत. लोकर पुढे कलकत्त्याला जाई, आणि कापड, साखर, भांडी, घड्याळे असा माल तिबेटकडे चढे. मालाबरोबर बातमीही चाले. बाजारात मारवाडी व्यापारी, नेपाळी हमाल, तिबेटी सौदागर, स्कॉटिश मिशनरी आणि ब्रिटिश अधिकारी यांची गाठ पडे. वृत्तपत्र सुरू करायला याहून योग्य जागा हिमालयात नव्हती.

ऑक्टोबर 1925 मध्ये पहिला अंक निघाला. छापखाना नव्हता. हाती होते ते प्रती काढण्याचे साधे यंत्र, आपल्याकडे शाळांचे पेपर ज्यावर निघत त्या सायक्लोस्टाइलच्या जातीचे. मोजक्या प्रती निघाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच ल्हासाला गेल्या. तिथे ‘मेलोंग’ वाचणाऱ्यांत खुद्द तेरावे दलाई लामा थुब्तेन ग्यात्सो होते. अंक पाठवत राहा, असे प्रोत्साहन त्यांनी दिले. एवढा वाचक लाभल्यावर संपादकाला आणखी काय हवे?

‘मेलोंग’च्या पूर्ण नावाचा अर्थ होतो ‘देशोदेशीच्या वार्तांचा आरसा’. हे काही तिबेटी लिपीतले पहिले वृत्तपत्र नव्हते. लेहमध्ये मोरावियन मिशनरी फ्रांके यांनी 1904 साली एक छोटे पत्र काढले होते. पण ते फार काळ टिकले नाही. ‘मेलोंग’ मात्र अडखळत, महिनेच्या महिने बंद पडत, पुन्हा उभे राहत 1963 पर्यंत चालले. जवळजवळ चार दशके एका माणसाने बातम्या गोळा केल्या, लिहिल्या, छापल्या, बांधल्या आणि टपालात टाकल्या.

आरशात दिसणारे जग

या अंकांत सगळ्यात आधी दिसते ती जगाची खबर. कोणत्या देशात लढाई जुंपली, कोणता राजा गेला, हिंदुस्थानात काय घडते आहे, चीनमध्ये काय चालले आहे. दुसरे महायुद्ध, भारताचे स्वातंत्र्य, गांधीजींची हत्या हे सारे ल्हासातल्या वाचकापर्यंत त्याच्या भाषेत नेणारे साधन त्या काळी जवळजवळ हे एकच होते. बातमी पोहोचायला कित्येक दिवस लागत. पण शिळी का होईना, ती पोहोचत होती.

त्याच पानांत कालिम्पोंग बाजारातले लोकरीचे भाव आणि जाहिराती असत. धर्मग्रंथांत लोकरीचा भाव लिहीत नाहीत आणि दरबारी बखरीत कोणी जाहिराती छापत नाही. म्हणून जुने वृत्तपत्र इतिहासकाराला इतके मोलाचे असते. जे टिकवावे असे लिहिणाऱ्यालाही वाटले नव्हते, ते त्यात टिकते.

एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. गेंदुन छोफेल हा विलक्षण बुद्धीचा तिबेटी भिक्षू राहुल सांकृत्यायन यांच्याबरोबर 1934 साली भारतात आला. 1938 च्या जूनमध्ये त्याने ‘मेलोंग’मध्ये एक लेख लिहिला. विषय होता: पृथ्वी गोल आहे. मेरू पर्वताभोवती पसरलेल्या सपाट जगाचे चित्र ज्यांच्या मठांच्या भिंतींवर रंगवलेले होते, त्या वाचकांना तो सांगत होता, की सगळ्या जगाने हे मान्य केले आहे, आता आपणही मानावे. शंभर वर्षे आधी जांभेकरांची पिढी मुंबईत हेच करत होती. पुराणातला भूगोल आणि शाळेतला भूगोल समोरासमोर आले, की त्या भाषेतले कोणीतरी धीर करून ते छापावे लागते. छोफेलचा तो लेख आज अभ्यासक वाचतात, कारण त्या अंकाचा कागद कुठेतरी शिल्लक राहिला.

1950 नंतर आरशातले चित्र गडद होत जाते. चिनी सैन्य तिबेटात शिरले, 23 मे 1951 रोजी सतरा कलमी करार झाला, मार्च 1959 मध्ये ल्हासात उठाव झाला आणि दलाई लामा भारतात आले. या सगळ्या काळात ‘मेलोंग’ निघत होते. चीनविरोधी मजकूर थांबवा, त्या बदल्यात मदत देऊ, असे आमिषही थार्चिन यांना दाखवले गेले. ते त्यांनी स्वीकारले नाही. निर्वासित तिबेटी लोकांची स्वतःची पत्रे निघू लागली, तेव्हा हा एकांडा आरसा 1963 मध्ये थांबला. थार्चिन 1976 साली कालिम्पोंगमध्येच वारले. तोवर प्रतापगडची वसाहत चार वर्षांची झाली होती.

गव्हाचे पैसे आणि ग्रंथांची वाट

कालिम्पोंगचे कागद न्यू यॉर्कला कसे, असा प्रश्न पडतो. थार्चिन यांनी आयुष्यभर जपलेल्या कागदपत्रांचा मोठा भाग, म्हणजे पत्रव्यवहार, हिशेब, कात्रणे आणि ‘मेलोंग’चे अंक, आज कोलंबिया विद्यापीठाच्या पूर्व आशियाई ग्रंथालयात ‘थार्चिन संग्रह’ म्हणून आहे. पण भारतातले छापील कागद अमेरिकी ग्रंथालयांत जाण्याची मोठी वाट त्याआधीच तयार झाली होती, आणि तिचा संबंध आपल्या ताटाशी आहे.

साठच्या दशकात रेशनच्या दुकानात मिळालेला अमेरिकी गहू जुन्या माणसांना आठवत असेल. तो येत होता पीएल 480 या 1954 सालच्या अमेरिकी कायद्याखाली. भारत त्याची किंमत रुपयांत चुकती करत असे आणि ते रुपये भारतातच खर्च व्हायचे. त्यातला काही भाग पुस्तके घेण्यासाठी राखला गेला. 1962 पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली कार्यालय भारतीय भाषांतली पुस्तके आणि नियतकालिके विकत घेऊन तिथल्या विद्यापीठांना पाठवू लागले. मराठीही त्यात होती. म्हणून आजही एखादे दुर्मीळ मराठी मासिक पुण्यात मिळत नाही आणि शिकागोत मिळते.

1968 मध्ये जीन स्मिथ हे तिबेटी भाषेचे अभ्यासक या दिल्ली कार्यालयात रुजू झाले. निर्वासितांनी जिवापाड सांभाळून आणलेल्या पोथ्या छापल्या जाव्यात, त्यांच्या प्रती ग्रंथालयांनी घ्याव्यात, आणि मूळ पोथी हरवली तरी ग्रंथ वाचावा, अशी ही वाट होती. तिने हजारो तिबेटी ग्रंथ वाचवले. पुढे 1999 मध्ये स्मिथ यांनी तिबेटी ग्रंथांच्या डिजिटल संग्रहासाठी एक संस्थाच उभारली. 2010 साली ते वारले, पण तो संग्रह आज जगातल्या सर्वांत मोठ्या तिबेटी ग्रंथभांडारांपैकी एक आहे.

धर्मग्रंथांसाठी इतकी धडपड झाली, त्यामानाने वृत्तपत्र दुर्लक्षित राहते. वृत्तपत्राचा कागद मुळात एका दिवसासाठी बनतो. लाकडाच्या लगद्यात लिग्निन नावाचा घटक उरलेला असतो. हवा आणि उजेड लागला की तो पिवळा पडतो, कागदात आम्ल वाढते आणि घडीवर तुकडे पडतात. हाताने केलेल्या कागदावरची दोनशे वर्षांची पोथी उलगडते आणि साठ वर्षांपूर्वीचे दैनिक हातात चुरते, याचे कारण हेच. कोलंबियाकडेही ‘मेलोंग’चा पूर्ण संच नाही. शंभराच्या आसपास अंक आहेत. बाकीचे युरोप-अमेरिकेतल्या इतर ग्रंथालयांत विखुरले आहेत, आणि अभ्यासक ते एकमेकांना जुळवून मालिका पुरी करत आले आहेत.

चित्र आणि वाचन

जुना अंक डिजिटल करणे म्हणजे मोबाइलने त्याचा फोटो काढणे असे आपल्याला वाटते. काम त्याहून कष्टाचे आहे. आधी कागदाची घडी सपाट करावी लागते, फाटलेले कोपरे जुळवावे लागतात. मग प्रत्येक पानाची मोठी, बारकावे टिपणारी प्रतिमा घेतात. एक मूळ प्रत जशीच्या तशी जपून ठेवतात, आणि वाचकांसाठी तिची हलकी प्रत करतात. त्यानंतर प्रत्येक अंकाची नोंद: कोणते वर्ष, कोणता अंक, किती पाने, कोणते पान हरवले.

तारीख लिहिणे ही यातली सर्वांत अवघड पायरी, आणि इथे मराठी माणसाला एक ओळखीची गोष्ट भेटते. तिबेटी कालगणनेत साठ वर्षांचे चक्र असते. त्याला ‘रबजुंग’ म्हणतात. हा शब्द ‘प्रभव’ या संस्कृत शब्दाचा अनुवाद आहे. गुढीपाडव्याला पंचांगात वाचतो ती साठ संवत्सरे प्रभवापासूनच सुरू होतात. तिबेटी पंचांगातही अधिक महिना येतो, तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते. ‘मेलोंग’ सुरू झाले ते वर्ष लाकूड-बैलाचे होते. ते 1925 आहे आणि 1985 नव्हे, हे जाणकाराने ठरवून लिहावे लागते. तारखेत चूक झाली तर अंक संग्रहात असूनही हरवल्यासारखाच.

यानंतर लिपी. तिबेटी लिपी भारतीय लिपींच्याच कुळातली. परंपरेनुसार सातव्या शतकात थोन्मी संभोट याने भारतात शिकून ती रचली. तिच्यात अक्षरे एकाखाली एक रचली जातात, आपल्या जोडाक्षरांसारखी. छपाईसाठी ‘उचेन’, म्हणजे डोके असलेली लिपी, आणि झरझर लिहिण्यासाठी ‘उमे’, म्हणजे बिनडोक्याची. आपल्याकडे बालबोध आणि मोडी होती तशीच ही विभागणी. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत, प्रत्येक अक्षरगटानंतर एक ठिपका येतो. त्यातून ‘मेलोंग’चे बरेच अंक शिळाछापावर निघालेले, म्हणजे हाताने लिहून दगडावरून उमटवलेले. आपल्या जुन्या शिळाछाप पोथ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे अक्षर कसे दिसत असेल याची कल्पना येईल.

यंत्राला हे वाचता येणे हा पुढचा टप्पा. तोवर पान हे केवळ चित्र असते. ‘लोकर’ हा शब्द चार दशकांत कुठे कुठे आला, हे शोधायचे तर चित्रातली अक्षरे यंत्राला ओळखता यायला हवीत. लंडनचे सोआस आणि जर्मनीतले लाइपझिग या विद्यापीठांनी 1950 आणि 1960 च्या दशकांतल्या तिबेटी वृत्तपत्रांवर नेमके हे काम हाती घेतले आहे. त्यासाठी आधी माणसांनी पानेच्या पाने अचूक उतरवून यंत्राला शिकवावी लागतात. भाषा जाणणारी माणसे नसतील तर यंत्र काय शिकणार?

म्हणून प्रतापगडसारख्या वसाहतीचे महत्त्व. इमारत, यंत्रे, निधी हे सारे विद्यापीठाकडे आहे. पण एखाद्या जाहिरातीतला बोलीतला शब्द, एखाद्या खेड्याचे जुने नाव, एखाद्या फोटोतला चेहरा ओळखणारी नजर वसाहतीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे. ती एकेक करून जात आहेत. संग्रह खुला असणे म्हणजे केवळ अभ्यासकाला विमानाचे तिकीट न लागणे नव्हे. ज्यांची ही आठवण आहे, त्यांनाच ती वाचता येणे, तपासता येणे, ‘हे असे नव्हते’ म्हणता येणे, हा खुलेपणाचा खरा अर्थ आहे.

आपला आरसा कुठे आहे?

घर गमावलेल्या लोकांचा आरसा जगभरातून वेचून असा जोडला जातो आहे. आपण मराठी माणसे तर घरातच आहोत. मग आपले काय?

काम अजिबात झाले नाही असे नव्हे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथसंजीवनी’ या नावाने आपल्या दुर्मीळ साहित्याचा डिजिटल संग्रह उभा केला आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने हजारो जुनी पुस्तके मोफत खुली केली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी सुरू केलेले ‘मूकनायक’ आणि नंतरचे ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक महाराष्ट्र शासनाने ग्रंथरूपाने पुन्हा छापले. विदर्भातल्या घराघरांत ते पोहोचले. एका वृत्तपत्राचे जुने अंक समाजाला किती बळ देऊ शकतात, याचा याहून मोठा पुरावा नको.

पण ही कामे मोठ्या नावांची झाली. भंडारा, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ इथल्या गावांतून निघालेली साप्ताहिके, जिल्ह्याच्या बाजारभावाची पत्रके, सहकारी संस्थांची मुखपत्रे, झाडीपट्टीच्या नाटकांच्या जाहिराती ज्यांत छापल्या ती पाने कुठे आहेत? बहुतेक कुठल्या तरी सार्वजनिक वाचनालयाच्या माळ्यावर, वाळवीच्या वाटेवर. ‘मेलोंग’मधल्या लोकरीच्या भावाइतकेच मोल साठ वर्षांपूर्वीच्या धानाच्या भावाला आहे.

कायद्याची भीतीही फारशी नाही. भारतीय कायद्यानुसार निनावी छापलेल्या मजकुराचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, आणि नावानिशी लिहिलेल्या लेखाचा लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी. स्वातंत्र्यापूर्वीच्या स्थानिक पत्रांतला फार मोठा भाग आज मोकळा आहे. अडते ते फक्त कोणीतरी सुरुवात करण्यापाशी.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. घरात, वाड्यात, गावच्या वाचनालयात जुन्या वृत्तपत्रांची बांधीव फाइल असेल तर ती रद्दीत घालू नका. घडी उलगडून, सपाट करून, कोरड्या जागी ठेवा. नाव, तारीख, गाव एका वहीत लिहा. जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना दाखवा, आणि प्रतिमा घेण्यासाठी ती उसनी द्या. अंक तुमचाच राहील, मजकूर सगळ्यांचा होईल.

‘दर्पण’ 1840 साली बंद पडले. ‘मेलोंग’ 1963 साली. दोन्ही संपादकांकडे पैसा नव्हता, वाचक थोडे होते आणि बातमी पोहोचवण्याची घाई मोठी होती. ज्या माणसांसाठी थार्चिन बाबू लिहीत होते, त्यांची नातवंडे आणि पणतवंडे आज प्रतापगडच्या वसाहतीत राहतात, आणि त्यांच्यासाठी तो आरसा पुन्हा उघडला आहे.